पालथी करवंटी

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. सकाळचे आठ-साडेआठ झाले असतील. फोनवर तिचा भाचा महेश होता, निमगाव केतकीहून. "मावशी, आत्या गेली," तो म्हणाला. "च्या घिऊन गेलो तर उठंचना. झोपंतच गेली." मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी "बरं" म्हणतं का? पण तेच तोंडातून आलं. मग राहिलेल्या शेंगा सोलल्या, सालं बादलीत टाकली, साडी बदलली आणि निघाले. जळोचीपासून बारामतीच्या स्टँडपर्यंत रिक्षात मी ठीक होते. इंदापूरच्या गाडीत बसले आणि जी रडायला लागले ती थांबेचना. शेवटी शेजारच्या अनोळखी बाईनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जे लिहिणार आहे ते रागानं लिहिणार आहे, आणि शालनवर माझा जीव नव्हता असं कुणाला वाटायला नको.

या पुरवणीच्या संपादकांनी तिच्यावर लिहाल का म्हणून विचारलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणाले होते. तिसऱ्यांदा हो म्हणाले, त्याला कारण घडलं, ते शेवटी येईलच. बारामती-इंदापूर भागातल्या जुन्या वाचकांना 'तिकडची माणसं' हे सदर आठवत असेल. इथल्या एका साप्ताहिकात ते कितीतरी वर्षं यायचं. दक्षिण अमेरिकेतल्या उंचावरच्या तळ्यात लव्हाळ्यांची बेटं बांधून त्यावर राहणारी माणसं, शीळ घालून दरीपलीकडं निरोप पोचवणारे डोंगरी लोक, सत्तरीतही समुद्रात बुडी मारून कालवं काढणाऱ्या कोरियातल्या आज्या, जिवंत झाडांच्या मुळांचे पूल वळवत नेणारी मेघालयातली गावं... हे सगळं तुम्हाआम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते शालननं. ती स्वतः पुण्यापलीकडं कधी गेली नाही. रोज निमगावहून एसटीनं बारामतीला यायचं, वाचनालय उघडायचं, संध्याकाळी बंद करून परत जायचं, एवढाच तिचा प्रवास. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, वाचायचं राहून गेलं असतं.

आमची ओळख भांडणातून झाली. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. वाचनालयातून नेलेलं एक मासिक मी परत केलं, तर त्यातलं एक पान फाडलेलं निघालं. शालननं सगळ्यांसमोर मला विचारलं, मॅडम, ह्यातलं पान कुठं हाय? मी फाडलं नव्हतं, पण ऐकून घेतलं आणि घरी येऊन फणफणले. चार दिवसांनी ही बाई मधल्या सुट्टीत थेट आमच्या शिक्षकखोलीत हजर. माझ्याआधी मासिक नेलेल्या माणसाच्या घरी जाऊन तिनं ते पान शोधून आणलं होतं, आणि सगळ्या शिक्षकांसमोर मोठ्यानं म्हणाली, विजयाबाईंवर मी खोटा आळ घेतला, माफी मागायला आले. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मीच तिला चहा पाजला. खऱ्याखोट्याच्या बाबतीत ती अशी होती, म्हणजे मी तरी तिला तशी समजत होते. पुढची पंचवीस-तीस वर्षं आमचा चहा चालूच राहिला आणि मी तिची विजू झाले.

सदराची तिची पद्धत पक्की होती. वाचनालयातली जुनी मासिकं, आकाशवाणीवरची भाषणं, निमगावच्या बाजारात शेंगदाण्याच्या पुडीला आलेला वर्तमानपत्राचा तुकडा, जे सापडेल ते ती जाड कागदाच्या कार्डावर लिहून घ्यायची आणि मिठाईच्या रिकाम्या खोक्यात ठेवायची. शेंगदाणे कुणालाही खाऊ द्यायची, पुडी मात्र स्वतःकडं. प्रत्येक कार्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात 'कुठून' असं लिहून त्यापुढं मासिकाचं नाव, महिना, नाहीतर "शेंगदाण्याची पुडी" अशी नोंद असायची. "कुठनं आलं ते लिवल्याबिगर माझ्या खोक्यात काय पडत न्हाय," असं ती मोठ्या दिमाखात सांगायची. माझं काम ठिकाणं तपासायचं. हा डोंगर खरंच त्या देशात आहे का, तिथं एवढी थंडी पडते का, हे मी माझ्या नकाशासंग्रहात बघून सांगायचे. एकदा तिनं वाळवंटातल्या गावाला धो धो पाऊस पाडला होता, तो मी काढायला लावला. त्यावर ती दोन दिवस रुसली होती.

एकदा आम्ही दोघी मोरगावला गेलो होतो. दर्शन झाल्यावर परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून ही स्टँडमागं शेळ्या राखणाऱ्या एका काकूंशी गप्पा मारत बसली. त्या काकूंनी शेळ्यांना आपल्या भांडखोर नातेवाइकांची नावं दिली होती. मोठ्या जावेचं नाव सगळ्यात हेकट शेळीला. तोंडावर बोलता येत नाही ते शेळीला बोलायचं, म्हणजे मन मोकळं होतं आणि घरात भांडणही होत नाही, असं त्यांनी सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. तीन-चार महिन्यांनी 'तिकडची माणसं'मध्ये कुठल्याशा डोंगराळ मुलखातल्या बायका शेळ्यांना भांडलेल्या नातलगांची नावं ठेवतात असं छापून आलं. मी शालनला म्हटलं, अगं, ह्या तर मोरगावच्या काकू. ती म्हणाली, तिकडंही असंलच की कुणीतरी. मी हसले आणि सोडून दिलं. आज स्वतःचाच राग येतो तो त्या हसण्याचा. भूगोलाच्या पेपरात मुलीनं एखादी नदी चुकीच्या राज्यातून वाहवली तर मी गुण कापायचे, आणि इथं अख्खी जमात एका जागेवरून उचलून दुसरीकडं नेऊन ठेवली तरी मला गंमत वाटली.

नंतर आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण "अगं" एवढं स्पष्ट यायचं. पुढच्या खोलीत खाट टाकली आणि चार वर्षं मी त्या "अगं"च्या तालावर चालले. पाणी दे, पंखा कमी कर, कूस बदल, पडदा ओढ, आता परत सरकव. मुलगी लांब, तिचे तिला व्याप. मी नजरेआड झाले की ते घाबरायचे आणि हाक मारायचे, मी गेले की कशासाठी मारली ते आठवायचं नाही. माणूस वाईट नव्हता हो. आजारी होता. पण चौथ्या वर्षी एका दुपारी काय झालं कोण जाणे, मी अंगणातल्या झाडाचा पेरू तोडला, तिखटमीठ घेतलं आणि गच्चीच्या जिन्यावर सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसले. खालून हाका येत होत्या. मी तासभर बसून तो पेरू खाल्ला, बियांसकट. उठले नाही.

त्या रविवारी शालन आली तेव्हा त्याच पायरीवर बसून मी तिला हे सांगितलं आणि रडले. मी किती दुष्ट बाई आहे, असं म्हणाले. तिनं माझी समजूत घातली नाही. माझं रडणं संपेपर्यंत बसून राहिली आणि गाडीची वेळ झाल्यावर गेली. पंधरा-वीस दिवसांनी मात्र सकाळी सकाळीच उगवली. हातात पुढच्या अंकाचा लेख. "तुज्यासाटी मुद्दाम हुडकलंय, विजे," म्हणाली. "लई शोधलं तवा घावलं."

दक्षिण पॅसिफिकमधल्या एका लहानशा बेटाची ती हकिगत होती. तिथं जी बाई आजारी माणसाची सेवा करते तिला दुपार कलल्यावर रोज एक तास मिळतो. ती उंबऱ्यावर नारळाची करवंटी पालथी घालते आणि दूर जाऊन बसते, आंबटगोड फळ समुद्राच्या मिठाशी खाते. करवंटी पालथी असेपर्यंत आतून आलेली हाक तिच्या कानावर पडते, पण पोचत नाही, असं सगळ्या वस्तीनं मिळून ठरवलेलं आहे. त्या तासाबद्दल तिला कुणी बोल लावत नाही, आजारी माणूससुद्धा नाही. तास संपला की ती करवंटी उताणी करते आणि आत जाते. मी ते तीनदा वाचलं. इतक्या मोठ्या जगात कुठंतरी माझ्यासारख्या बायका आहेत आणि त्यांच्याकडं बघून कुणी नाक मुरडत नाही, एवढ्यानं माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

सवयीनं मी नकाशासंग्रह काढला, भिंग घेतलं आणि बेट शोधायला लागले. सापडेना. बेटाचं नाव काय, असं विचारलं तर शालन म्हणाली, उच्चार नीट कळला नाही म्हणून लेखात घातलं नाही. मी परत भिंग फिरवायला लागले तेव्हा ती हसली. "तुज्या नकाशात निमगाव केतकी तरी कुठं हाय?" म्हणाली. हे बरोबर होतं, शाळेच्या नकाशात निमगाव नव्हतंच. मलाही हसू आलं. तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या निळ्या पाण्यात एक ठिपका दिला, साधारण इथं, म्हणून. नकाशात कुणी काही लिहिलेलं मला खपत नाही, पण तो ठिपका मी राहू दिला.

त्याच दिवशी मी नारळ फोडला आणि अर्धी करवंटी घासून गुळगुळीत केली. ह्यांना लेख मोठ्यानं वाचून दाखवला. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग डाव्या हातानं चादर सारखी केली आणि म्हणाले, "बरं." तेव्हापासून दुपारी तीन ते चार पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर करवंटी पालथी असायची आणि मी जिन्यावर. पहिल्या आठवड्यात एक-दोनदा हाक आली असेल. नंतर त्यांनी तीन ते चार हाक मारणंच सोडलं. समोरच्या घड्याळाकडं बघत पडून राहायचे. चार वाजता मी आत गेले की डोळ्यांनी विचारायचे, झाला का तास? मी रोज काहीतरी सांगायचे, आज बुलबुल आला होता, आज ढग होते. खरं सांगते, त्या दोन महिन्यांत आम्ही लग्नानंतर कधी नव्हतो इतके चांगले वागलो एकमेकांशी. पलीकडच्या गल्लीतल्या संगीतानंही माझं बघून आपल्या उंबऱ्यावर करवंटी ठेवली. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, आणि शेतातली भाजी काढून, निवडून, जुड्या बांधून बाजाराला धाडायचं काम हिच्याच गळ्यात. लेखाचं कात्रण तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.

मग तो दिवस. साडेतीनला हाक आली. त्या पहिल्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच. मला राग आला, हे मी लपवणार नाही. ठरलंय ना आपलं, मग आज काय झालं, असं मनात म्हणाले आणि बसून राहिले. परत हाक आली. मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं आणि परत बसून राहिले. चारला खाली आले, करवंटी उताणी केली आणि आत गेले, तर ते गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तुम्ही शेजारी असतात तरी काही करता आलं नसतं. मी सगळ्यांना झोपेत गेले म्हणून सांगितलं. मुलीलासुद्धा. फक्त शालनला खरं सांगितलं. तिनं एकच विचारलं, किती हाका आल्या? मी सांगितलं. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि खूप वेळ सोडले नाहीत.

तीन आठवड्यांनी 'तिकडची माणसं'मध्ये त्याच बेटावर दुसरा लेख आला. त्या तासात कुणी गेलं तर तिथं म्हणतात की त्यानं करवंटी पालथी होण्याची वाट बघितली, जिनं एवढं केलं तिला शेवटचं बघावं लागू नये म्हणून. ती करवंटी मग ती बाई जन्मभर जवळ ठेवते. मी ठेवली. स्वयंपाकघरात, चहासाखरेच्या डब्यांशेजारी. नऊ वर्षं ती तिथं होती, आणि नऊ वर्षं मी दुपारी दोन घास खाऊन पडू शकले, नातवाला खेळवू शकले, ह्यांच्या फोटोकडं न लाजता बघू शकले, ते त्या बेटाच्या जोरावर.

शालनचे दिवस झाल्यावर महेश मोटरसायकलवरून दोन खोकी घेऊन आला. "आत्यानं सांगून ठिवलं व्हतं, ही विजूमावशीलाच द्यायची, दुसऱ्या कुनी उगडायची न्हायत," म्हणाला. मी ती आनंदानं उघडली. तिचं टपोरं अक्षर, शेंगदाण्याच्या तेलाचे डाग, कोपऱ्यात 'कुठून'. मोरगावचं कार्ड निघालं. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: "कुठून: मोरगाव, स्टँडमागे, शेळ्यावाल्या काकू." मला परत हसू आलं. मग एक कार्ड निघालं त्यावर "कुठून: वहिनी, चुलीपाशी." एकावर "कुठून: बसमधली बाई, अंथुर्ण्याला उतरली." आता हसू येईना. मी भराभरा कार्डं उलटायला लागले आणि बेट सापडलं. अख्खा लेख होता, पालथी करवंटी, समुद्राचं मीठ, सगळं. खाली उजवीकडं: "कुठून: विजू. जिन्याची वरची पायरी."

त्याच्या मागेच दुसरं कार्ड होतं, तासात गेलेल्या माणसाचं. त्यावर "कुठून: मीच." आणि त्याखाली, बारीक अक्षरात, "तीन हाका. लेखात घ्यायचं नाही."

हो, तीन. दोन म्हणून मी वर लिहिलं ते खोटं होतं. तिसरी हाक बारीक आली होती आणि ती मी ऐकली होती. ही गोष्ट जगात दोघींनाच माहीत होती. लेखातून तिनं ती वगळली ही तिच्या परीनं मेहरबानीच. पण मी ते कार्ड हातात धरून बसले आणि मला तिच्याबद्दल फक्त चीड आली. माझं गुपित तिनं तालुकाभर छापलं, ते मी एक वेळ सोडून देईन, मला कुणी ओळखलं नाही. पण मी तिच्याकडं रडत गेले होते ते मी केलं ते बरोबर की चूक हे कुणीतरी खरं सांगावं म्हणून. तिनं माझीच गोष्ट घेतली, तिला समुद्र आणि नारळ लावले आणि जगाची रीत म्हणून मला परत दिली. आणि मी ती त्या आजारी माणसाला मोठ्यानं वाचून दाखवली! तो माणूस दोन महिने घड्याळाकडं बघत मुकाट पडून राहिला तो कुणाच्या शब्दावर? कुठल्या वस्तीनं ठरवलं होतं? तिथं वस्तीच नव्हती. आम्ही तिघंच होतो, आणि त्यातल्या एकटीलाच ते माहीत होतं.

जिवंतपणी सांगितलं असतं तर मी भांडले असते, वर्षभर तोंड बघितलं नसतं, मग कदाचित चहा केला असता. तेवढाही हक्क तिनं मला ठेवला नाही. खोकी भाच्याच्या हाती दिली आणि आपण निघून गेली. आता आठवतं, जायच्या महिनाभर आधी ती जळोचीला आली होती, भावाच्या बागेतली डाळिंबं घेऊन. बोलता बोलता मध्येच थांबली आणि म्हणाली, विजे, ते बेट आठवतं का गं तुला? मी म्हटलं, रोज.  तिनं एक अख्खं डाळिंब सोललं, दाणे वाटीत भरून माझ्यापुढं सरकवले, स्वतः एक दाणा तोंडात टाकला नाही. पाचची गाडी गाठायची म्हणून चहाही न घेता उठली. सांगायला आली होती हे आता कळतंय... आणि माझ्या त्या एका "रोज"नं तिचं तोंड बंद झालं, हेही. पण म्हणून राग कमी होत नाही. एका फाटक्या पानापायी माफी मागायला शाळेपर्यंत आलेली बाई, हिला माझ्या घरात दोन वाक्यं बोलता आली नाहीत.

मी करवंटी उचलली आणि मागच्या दारी कढीपत्त्याच्या बुडाशी फेकून दिली.

आणि मग गेल्या आठवड्यात संगीता आली. हातात ते कात्रण, पिवळं पडलेलं, चिकटपट्टीसकट सोलून आणलेलं. तिची नणंद माहेरी आली होती. उंबऱ्यावरची करवंटी बघून तिनं कडाक्याचं भांडण केलं, माझी आई आत हाका मारतीय आणि तू भाईर बसतीस, असलं कुठं असतं का, दाखव कुठं आहे ते बेट. म्हणून संगीता माझ्याकडं आली. "मॅडम, तुमी भूगोलवाल्या. तेवढं नकाशात दावा, मी फोटो काढून निती," म्हणाली, आणि मोबाईल तयार धरून उभी राहिली.

मी नकाशासंग्रह काढला. पान उघडलं. पेन्सिलचा ठिपका जागच्या जागी होता. माझं बोट त्याच्याकडं गेलंही. ठिपक्यावर बोट ठेवायचं, तिनं फोटो काढायचा, नणंद गप्प होणार, संगीताचा तास वाचणार. किती सोपं होतं. शालनलाही त्या दिवशी असंच सोपं वाटलं असणार. मी बोट मागं घेतलं.

"संगीता, हे बेट नाही," मी म्हणाले.

तिनं मोबाईल खाली घेतला. "म्हंजी, बुडालं?"

"नव्हतंच. शालननं मनानं लिहिलं होतं."

ती खुर्चीवर बसली. तिनं मोबाईल पिशवीत ठेवला आणि कात्रणाची घडी घातली, परत उघडली, परत घातली. तिच्या चेहऱ्यावर मला माझाच खोकं उघडल्या दिवशीचा चेहरा दिसत होता. मग तिनं विचारलं, "मग आता ती करवंटी काढू का?"

ह्या प्रश्नाला शालनपाशी उत्तर नव्हतं आणि नकाशातही नव्हतं. नऊ वर्षं मी ते दुसऱ्या कुणाकडून तरी येईल म्हणून वाट बघत होते. ह्यांचा चार वाजताचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला, झाला का तास म्हणून विचारणारा. मग ती तिसरी हाक कानांत आली. "काढू नको," मी म्हणाले. "तास घे. दोन हाका सोड. तिसरीला उठ."

"तिसरीलाच का?" तिनं विचारलं. आणि मी तिला सांगितलं. शालननंतर हे ऐकणारी ती दुसरी बाई. ऐकून तिनं मला धीर दिला नाही की दोषही दिला नाही. पदरानं तोंड पुसलं, कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि तीन वाजायला आले म्हणून घरी गेली. संध्याकाळी मी मुलीला फोन करून सगळं सांगितलं, हा लेख तिनं पुरवणीत वाचायच्या आधी. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, उद्या बोलू. अजून तिचा फोन आलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संपादकांना लिहिते म्हणून कळवलं.

नकाशावरचा ठिपका मी खोडून टाकला. कागद तिथं थोडा खरखरीत झालाय, बोट फिरवलं की कळतं. मग शालनच्या खोक्यातून एक कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, "आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बाईनं रोज एक तास घ्यावा. दोन हाका सोडाव्यात, तिसरीला उठावं." खाली उजव्या कोपऱ्यात, तिच्या नियमाप्रमाणं, "कुठून: विजया, जळोची." ते कार्ड तिच्या दोन कार्डांच्या मागे ठेवून खोकं बंद केलं. करवंटी मात्र अजून कढीपत्त्याखालीच पडून आहे. ती मी आत आणलेली नाही.